छताला टेकलेले तळवे

विमानाचं नाक आपोआप खाली गेलं होतं. मी घातलं नव्हतं. एवढंच साधं वाक्य, पण ते एका माणसाला पटवता पटवता माझं अख्खं वर्ष गेलं, आणि शेवटी ते पटलं तेव्हा भलत्याच्याच कामी आलं. आता केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, भाचरं म्हणतात, जाऊ दे ना, किती वर्षं झाली त्याला! काहून जाऊ देऊ? तुमचं काही गेलं नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी नागपूरजवळच्या खाप्याची. विज्ञानाची पदवी घेतली आणि विमान शिकायला एका वर्षाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून नागपूरला मावशीकडे राहायला आले. रोज सकाळी सायकलनं वर्धा रोडवरून विमानतळाकडे जायचे. फ्लाइंग क्लबात मी एकटीच मुलगी. वर्ष संपायच्या आत लायसन हातात पडलं तर पडलं, नाहीतर गाशा गुंडाळून खाप्याला परत, हे घरीही ठरलेलं होतं आणि सरकार दरबारीही. परीक्षा घ्यायला परीक्षक बाहेरून यायचे, पण त्यांच्यापुढे कोणाला उभं करायचं हे आमच्या मुख्य प्रशिक्षकांच्या हातात होतं. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी नाव पाठवलं तर परीक्षा, नाही पाठवलं तर घरचा रस्ता.

आता थोडं विमानाचं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा संताप कळायचा नाही. क्लबाचं जुनं विमान दोन सीटचं, कापडी अंगाचं, आणि त्याला फ्लॅप्स नव्हते. फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेल्या रुंद पट्ट्या. उतरताना त्या खाली सोडल्या की विमान वेग न वाढवता भराभर खाली येतं. ज्या विमानाला त्या नाहीत, त्याची उंची कमी करायला एक उपाय असतो, स्लिप. एक पंख झुकवायचा, पायानं उलट्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबायचा आणि विमानाचं अंग वाऱ्याला आडवं देऊन तिरकं घसरत खाली यायचं. रनवे समोरच्या काचेतून दिसत नाही, बाजूच्या खिडकीतून दिसतो.  पण जुन्या विमानात ते फार सुरेख जमायचं, आणि सरांचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. हे मी आजही म्हणते. माणसावर राग असला म्हणून त्याची कला नाकारणारी मी नव्हे.

रविवारी सकाळी क्लबाच्या मुरमाच्या धावपट्टीवर चुन्याची आडवी रेघ मारायचे. जो त्या रेघेच्या सर्वांत जवळ चाकं टेकवेल तो जिंकला, बाकीच्यांनी मिळून सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. पद्धत अशी, की बेसा गावाकडच्या शेतांवरून वळून मुद्दाम उंच यायचं आणि शेवटी स्लिप मारून बरोबर रेघेवर उतरायचं. ज्याला खाली राहून इंजिनाचा जोर लावत यावं लागलं, त्याला पोट्टे दिवसभर सोडायचे नाहीत. काय बे, बैलगाडी घेऊन आला का, म्हणायचे.

मग नवं विमान आलं. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं. चार सीटचं, पत्र्याच्या अंगाचं, पंख डोक्यावर, आणि त्या पंखांना चांगले दाराएवढे फ्लॅप्स. एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? उंच यायची सवय सोडली असती. आमच्या लोकांनी सवय तशीच ठेवली, फ्लॅप्स पूर्ण खाली सोडले आणि त्यावर स्लिपही मारू लागले. पोटभर जेवून उठायचं आणि पुन्हा ताट वाढून घ्यायचं, तसला प्रकार! का, तर स्लिप मारल्याशिवाय उतरणं म्हणजे उतरणंच नव्हे.

आमच्या क्लबाची आणखी एक पद्धत सांगते, ती लक्षात ठेवा. फार पूर्वी कधीतरी एक विमान तुरीच्या शेतात जाऊन पडलं होतं, कारण शिकवणाऱ्याला वाटलं शिकणारा चालवतोय आणि शिकणाऱ्याला वाटलं शिकवणारा. तेव्हापासून नियम होता. सरांनी विमान स्वतःकडे घेतलं की मोठ्यानं ‘माझं!’ म्हणायचं, आणि शिकणाऱ्यानं ताबडतोब दोन्ही तळवे वर छताला टेकवायचे. सर ‘तुझं’ म्हणेपर्यंत खाली आणायचे नाहीत. पट्टीच्या कडेला उभं राहिलं की खिडकीतून ते तळवे स्वच्छ दिसायचे. कोणाचे तळवे दिसले की सगळे ओरडायचे, गेलं बे, सरांनी घेतलं! बिचारा उतरल्यावर तोंड लपवत फिरायचा.

तर एका सकाळी मी नव्या विमानात एकटी होते. उतरताना थोडी उंच आले, फ्लॅप्स पूर्ण सोडलेले होते, आणि सगळे करतात तशी स्लिप मारली. आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे, कोणीतरी पलीकडून धरून हलवावं तसं. विमानाचं नाक खाली पडलं, वर आलं, परत पडलं. अंधारात एक पायरी कमी निघाली की जीव कसा वर येतो, तसं झालं. मी पाय सोडला, पंख सरळ केला, आणि ते जसं आलं तसं गेलं. विमान सरळ झालं, मी उतरले. 

सरांना जाऊन सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

“पायात दम नाही तुह्या,” ते म्हणाले. “रडर अर्धवट दाबतेस अन् मग नाक पडते.”

“सर, पाय पूर्ण दाबलेला होता. मी पाय सोडला तेव्हा ते थांबलं.”

“मले शिकवून राहिली का वं तू?”

मागे पोट्टे फिदीफिदी हसले. मी सायकल काढली आणि घरी आले. मावशीनं विचारलं, जेवतेस ना? मी म्हटलं, जेवत नाही. ताट भिंतीवर फेकावं इतका राग आला होता, पण मावशीचं ताट, मावशीची भिंत.

पण मी काही हाय खाणारी नव्हते. पुढच्या वेळी चांगली उंची घेतली, खाली सगळी शेतं, आणि तिथं तेच करून पाहिलं. फ्लॅप्स न सोडता स्लिप, काही नाही. अर्धे सोडून, काही नाही. पूर्ण सोडून हलकी स्लिप, काही नाही. पूर्ण सोडून पूर्ण रडर दाबला की कधी व्हायचं, कधी नाही व्हायचं, पण झालं की अगदी तसंच व्हायचं. आता कळतं ते असं, की पूर्ण सोडलेले फ्लॅप्स हवा खाली ढकलतात, आणि विमान तिरकं असलं की ती हवा शेपटीवर नको तशी येते. शेपटीची पकड सुटते आणि नाक पडतं. त्या जातीच्या विमानाचा तो स्वभावच आहे. उंचावर त्यानं काही बिघडत नाही. जमिनीलगत झालं तर सावरायला जागा उरत नाही, एवढीच माझी ओरड होती.

क्लबात माझ्याबरोबर शिकणारा एकजण होता, कामठीकडच्या संत्र्याच्या बागेवाल्यांचा मुलगा. चांगला दिलदार गडी. सायकल पंक्चर झाली की आपल्या स्कूटरवरून मला घरापर्यंत सोडायचा. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, “माह्यासंगही झालं वं. दोनदा झालं. मले वाटलं आपलंच काही चुकून राहिलं.”

“मग चल, सरांना सांगू.”

“तू सांग,” तो म्हणाला. “मी आहे ना मागं.”

मागे होता खरा. इतका मागे, की मी सरांपुढे बोलत होते तेव्हा हा पठ्ठ्या दाराबाहेर चहाचा कप हलवत उभा होता. सर भडकले. वर जाऊन असले प्रयोग करायला कोणी सांगितलं म्हणाले. मग म्हणाले, चल, दाखव मला. शेजारी बसले, वर गेलो, आणि बाप्पा, काय सांगू! त्या दिवशी ते विमान गरीब गाईसारखं वागलं. सर जाडजूड माणूस, त्यांच्या वजनानं फरक पडला असेल, नाहीतर तसंही ते दरवेळी होत नव्हतंच. मी चार वेळा करून दाखवायला गेले, चारही वेळा काही नाही. उतरल्यावर सरांनी सगळ्यांपुढे हात जोडले. “मॅडमचं भूत पळालं,” म्हणाले. त्या दिवसापासून क्लबात माझं नाव भूतवाली पडलं. मी आले की एखादा पोट्टा लिंबू-मिरची दाखवायचा. मला रडू यायचं, पण तिथं रडले नाही.

परीक्षक येण्याच्या तीन आठवडे आधीचा रविवार होता. पोळा नुकताच झाला होता, रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. पट्टीवरचा मुरूम ओला होता, त्यावर चुन्याची रेघ ताजी मारलेली. सगळे रेघेच्या कडेला उभे. सर म्हणाले, आज तुझं शेवटचं तपासतो, रेघेवर उतरवून दाखव, उद्या तुझं नाव पाठवतो. मी मनात म्हटलं, एवढंच ना.

वळून आले तेव्हा सरांनी मुद्दाम उंच ठेवायला लावलं. फ्लॅप्स पूर्ण सोडायला लावले. मग म्हणाले, “मार स्लिप.”

“फ्लॅप्स थोडे वर घेते सर, मग मारते. नाहीतर एक फेरी घेऊन खालून येते.”

“पूर्ण फ्लॅप्सवरच मार. सारेच मारतात.”

“पूर्ण फ्लॅप्सवर मी नाही मारणार सर.”

मी इंजिनाला जोर दिला, न उतरता पट्टीवरून सरळ गेले आणि फेरी घेतली. खालून पोट्टे हात हलवत होते, हसत असणार. दुसऱ्यांदा पुन्हा तसंच उंच, पुन्हा तीच हुज्जत. सरांचा चेहरा लाल झाला होता. “माझं!” ते ओरडले.

मी दोन्ही तळवे छताला टेकवले.

सरांनी पंख झुकवला, रडर तळाला नेला. खिडकीतून रेघ दिसत होती, रेघेकडेची माणसं दिसत होती. आणि पार खाली, चिंचेच्या झाडाएवढ्या उंचीवर, स्टिअरिंग नाचलं. मी ते नुसतं पाहत होते. नाक खाली गेलं. सरांनी जीव खाऊन ओढलं, पण जागाच उरली नव्हती. पुढचं चाक आधी आपटलं, मोडल्याचा आवाज झाला, विमान नाक घासत थोडं गेलं आणि थांबलं. कोणाला खरचटलंही नाही. इंजिन बंद झाल्यावर इतकी शांतता झाली, की सरांचा श्वास ऐकू येत होता.

“वारा आला एकदम,” ते म्हणाले.

पट्टीच्या टोकाला वारा दाखवणारी कापडी पिशवी ओल्या पायजम्यासारखी लोंबत होती.

सगळे धावत आले. माझ्या बाजूचं दार उघडलं ते त्या कामठीवाल्यानंच. माझे तळवे तसेच छताला होते, कारण ‘तुझं’ असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, “अवं, हात खाली घे आता. उतर, उतर.” त्याचे हे शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ऑफिसकडे चालताना सर माझ्या बाजूला आले. आवाज एकदम मऊ. शिकणाऱ्या माणसाच्या हातून विमान आपटतंच, म्हणाले, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. पण माझ्या हातून आपटलं म्हटलं तर माझं प्रशिक्षकपद जाईल, म्हणाले, घरी लेकरं आहेत. “तुह्या हातात होतं असं म्हणू. उद्या सकाळी तुह्यं नाव पाठवतो. परीक्षा झाली, लायसन आलं, संपलं.”

आजही लोक मला विचारतात, काहून नाही म्हणालीस? मावशीनंही तेच विचारलं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? काय झालं असतं ते मी सांगते. माझ्या पायात दम नाही, हे कायमचं ठरलं असतं, आणि ते ठरवणारी मीच असते. त्यांची लेकरं मला दिसत होती हो, मी काही दगड नाही. पण माझ्यावर खापर फोडून त्यांनी लेकरं पोसावीत, आणि वर मला बक्षीस म्हणून लायसन द्यावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सर, विमान तुमच्या हातात होतं. माझे तळवे छताला होते. सगळ्यांनी पाहिलं आहे.”

सर तडक ऑफिसात गेले आणि क्लबाच्या सेक्रेटरींना सांगितलं, विमान विद्यार्थिनीच्या हातात होतं, मी घेईपर्यंत उशीर झाला.

सेक्रेटरी वयस्कर, सज्जन माणूस. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि सरळ विचारलं, हिचे तळवे छताला होते का, कोणी पाहिले का? ज्या तळव्यांवरून हे लोक वर्षभर एकमेकांना चिडवत आले, ते तळवे त्या दिवशी एकालाही दिसले नव्हते. एकजण म्हणाला, मी चहा पीत होतो. एकजण म्हणाला, मी रेघेकडे पाहत होतो. सगळ्यांची नावं सरांच्याच हातून परीक्षेला जायची होती ना! मी कामठीवाल्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता.

“धूळ उडाली होती,” तो म्हणाला. “दिसलं नाही.”

रात्रभर पाऊस झालेला. बाहेर काढून ठेवलेल्या त्याच्या चपलांना ओला मुरूम चिकटलेला मला दिसत होता. धूळ म्हणे! मी ओरडले, “खोटं बोलून राहिला तू! दार कोणी उघडलं माझं?” सेक्रेटरी म्हणाले, बाई, शांत व्हा. आजवर मला जितक्या लोकांनी शांत व्हा म्हटलं, त्यातल्या एकानंही आधी माझं ऐकून घेतलं नव्हतं.

माझं नाव गेलं नाही. दोन आठवड्यांत विमान दुरुस्त झालं आणि सरांनी सगळ्यांना जमवून नवा नियम सांगितला, पूर्ण फ्लॅप्स सोडलेले असताना स्लिप मारायची नाही. का, तर शिकणाऱ्यांना झेपत नाही, एक अनुभव नुकताच आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागे उभी होते.

परीक्षेच्या दिवशीही मी गेले. मावशी म्हणाली, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? मला पाहायचंच होतं. कामठीवाल्याची पाळी आली. परीक्षक शेजारी बसले, हा उडाला, फेऱ्या झाल्या, उतरायला आला. आणि सवयीनं उंच आला, चांगलाच उंच. फ्लॅप्स पूर्ण सोडलेले. रेघेकडे सगळे श्वास रोखून उभे, सरसुद्धा. हा आता काय करतो? यानं इंजिनाला जोर दिला, पट्टीवरून सरळ गेला, फेरी घेतली आणि दुसऱ्यांदा खालून नीट येऊन अलगद उतरला. जे मी केलं तेच. जसंच्या तसं.

परीक्षक उतरून सरांना म्हणाले, मुलाची समज चांगली आहे, धोका ओळखून परत फिरला, असेच पायलट हवेत. तुम्ही छान तयार केलं आहे. सर हसले, म्हणाले, आम्ही पहिल्यापासून तेच शिकवतो.

मी सायकलचं कुलूप काढत होते. तेवढ्यात तो पेढ्यांचा पुडा घेऊन धावत माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंच होतं.

“तुह्यामुळं पास झालो वं,” तो म्हणाला. “वर असताना तुह्यंच बोलणं आठवलं. घे, पहिला तुले.”

“माझे तळवे दिसले होते ना तुला?”

तो म्हणाला, “दिसले होते.”

“मग चल ना गा. परीक्षक अजून आत बसले आहेत, सेक्रेटरीही आहेत. माझ्यासोबत आत ये आणि एवढंच सांग. अजून वेळ आहे, माझं नाव घेतील ते.”

त्यानं ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग हातातल्या पुड्याकडे पाहिलं.

“आज नको ना वं,” तो म्हणाला. “आज तर माह्यं लायसन झालं.”